मे महिन्यात पोती उचलायला कोण येतं?

ऑक्टोबरात नाला अडवणारा वनराई बंधारा, म्हणजे रेतीनं भरलेल्या पोत्यांचा बंधारा, बांधायला चाळीस माणसं जमवणं फार अवघड नाही. नारळ फुटतो, दुपारपर्यंत पाणी तुंबतं, त्या पाण्यासमोर सगळ्यांचा फोटो निघतो. खरी अडचण पुढे येते. तोच बंधारा मे महिन्यात उसवायचा असतो, पोती रिकामी करून, मोजून, बांधून ठेवायची असतात. त्या दिवशी चाळीसातले किती येतात आणि त्यात अध्यक्ष असतो का, यावरून युवक मंडळाचं वजन कळतं. कोणीच गेलं नाही, तर मृगाच्या पहिल्या पुरात पोती वाहून खालच्या शेतकऱ्याच्या धुऱ्याला जाऊन अडकतात. उन्हानं कुजलेलं ते प्लास्टिक हात लावताच चुरतं. त्याच्या चिंध्या वावरात पसरतात आणि पुढं कितीतरी हंगाम वखराच्या पासेत गुंतत राहतात. सेवा आपण केली आणि घाण दुसऱ्याच्या वावरात टाकली, असा त्याचा अर्थ होतो.

आसपासच्या गावांची युवक मंडळं मिळून श्रमदान करतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सेवेतलं पुढारपण भाषणातून शिकवता येत नाही, हे विदर्भात कोणाला नव्यानं सांगायला नको. शेंडगावचे गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारला आणि तिथून ग्रामसफाई व सामुदायिक प्रार्थना गावोगाव गेल्या. विनोबा पवनारहून सुरगावला सफाईसाठी रोज पायी जात. या तिघांत मला एक गोष्ट सारखी दिसते. सगळ्यात नकोसं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि ते रोज केलं. एखाद्या दिवसाचा खराटा कोणीही धरतो. आपल्या मंडळाच्या कामात हे कसं आणायचं, याचा विचार मी वनराई बंधाऱ्याच्या हिशोबातून करतो, कारण त्या कामात लपवाछपवीला जागा नाही. थर चुकला की पाणी लगेच सांगतं.

आधी किती गावांनी एकत्र यायचं ते. उत्साहाच्या भरात वीस गावांचं जाळं करायचं ठरतं आणि तिथंच पहिली चूक होते. आपल्याकडे परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ओसरतो. त्याआधी बांधलेला बंधारा एका जोरदार सरीत वाहून जातो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर लहान नाल्यांची धार तुटते आणि अडवायला पाणीच उरत नाही. म्हणजे हातात कोजागरी ते कार्तिक पौर्णिमा एवढेच दिवस. त्यात चार-पाच रविवार येतात, एक दिवाळीत जातो. उरले फार तर चार. तेव्हा चार गावं, प्रत्येक गावातून दहा माणसं, दर रविवारी एक बंधारा. सगळे चाळीस चारही गावांना जातात. ही आपली जुनी इर्जिकच आहे, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. गावं वीस असतील तर चारचारांचे पाच गट करा, पण एका गटात चारापेक्षा जास्त नको.

कोणत्या गावाचा नंबर आधी, यावरून पहिली कुरबुर होते. नियम साधा ठेवावा. ज्या नाल्याची धार लवकर तुटते तो आधी. दोन नाले सारखेच असले, तर अध्यक्षाचं गाव शेवटी. शेवटच्या गावाला पाणी कमी मिळतं, हे खरं आहे. म्हणूनच ते गाव अध्यक्षाचं असावं. ही एक गोष्ट केली की पुढचे तीन रविवार माणसं बोलवावी लागत नाहीत.

वार रविवारच असं काही नाही. गावाचा आठवडी बाजार रविवारी असेल तर तो दिवस सोडा. बाजाराच्या दिवशी मजुरीचे पैसे वाटले जातात आणि घरात कोणी थांबत नाही. पश्चिम विदर्भात हेच दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे आणि हरभरा पेरणीचे, कापसाची वेचणीही सुरू झालेली असते. रोज मजुरीला जाणाऱ्या माणसाकडून अख्खा दिवस मागू नये, त्याच्या घरचा रोज बुडतो. सकाळी साडेसहा ते साडेदहा, चार तास, एवढंच मागावं आणि साडेदहाला थांबावं म्हणजे थांबावंच. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे याच सुमारास धानाची कापणी असते. तिथं जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. धान घरात आल्यावर त्यांच्या पाटांतला गाळ काढण्यात हीच ताकद लावली तर जास्त उपयोगी पडते. सगळीकडे बंधाराच बांधला पाहिजे असं नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. बंधारा कुठं, रेती-मुरूम कुठून घेणार, आणि अडलेलं पाणी कोण, कसं वापरणार. रेतीचं तलाठ्याच्याही कानावर घालून ठेवावं. तिसरा मुद्दा लोक टाळतात, कारण त्यावर ग्रामसभेत आवाज चढतो. चढू द्यावा. तो तिथं चढला नाही तर नाल्यावर चढतो. पाणी अडलं की पहिल्याच रात्री शेजारच्या वावरातला माणूस मोटर टाकतो आणि चार दिवसांत खड्डा कोरडा होतो. जनावरांना पाणी आधी, मोटर नंतर, तीही पाळीनं, आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्याचं वावर नाल्याला लागून असेल तर त्याची पाळी सगळ्यात शेवटी. हे अध्यक्षानं स्वतः उभं राहून सभेत सांगावं. दुसऱ्यानं सुचवण्याची वाट पाहू नये.

जागा निवडताना नाल्याचा सरळ भाग बघावा, वळणावर काठ खचतो. दोन्ही काठ उंच आणि घट्ट हवेत, तळाचा उतार मंद हवा आणि नाल्यात वाहती धार हवी. आठ मीटर रुंदीचा नाला धरू. बंधाऱ्याची उंची एक मीटर, त्याहून जास्त नको. पोत्यांचा बंधारा उंचीनं मजबूत होत नाही, रुंदीनं होतो. तळाला रुंदी १.६ मीटर आणि माथ्याला ०.६ मीटर ठेवली, तर सिमेंटची सुमारे ३४० रिकामी पोती लागतात. ४०० जमवावीत, काही फाटकी निघतात. घरकुलं बांधली जात आहेत तिथं ती मिळतात. आणल्यावर नाकातोंडाला रुमाल बांधून, वाऱ्याकडे पाठ करून झटकावीत. उरलेलं सिमेंट ओल्या हाताला लागलं की कातडी सोलून निघते. पोती झटकण्याचं काम धुळीचं असतं आणि ते नेहमी सगळ्यात लहान पोरांच्या गळ्यात पडतं. ते मोठ्यांनी करावं.

सुतळी पोत्यामागे एक मीटर. म्हणजे ३४० मीटर, वाया जाणारी धरून ४०० मीटर. आदल्या संध्याकाळी तिचे मीटर-मीटरचे तुकडे कापून ठेवावेत. कामाच्या ठिकाणी सुतळीचा गुंडा सोडवत बसलेली माणसं पाहिली की वाईट वाटतं, सहा जणांचं काम त्या एका गुंड्यापाशी अडलेलं असतं. दाभण सहा लागतात, बारा आणावेत, ते रेतीत हरवतात. दाभणाच्या नेढ्यात लाल चिंधीचा तुकडा बांधून ठेवला की सापडतो. फावडी सहा, टिकास सहा, घमेली बारा, सब्बल दोन, ठोकायला धुम्मस एक. काळी माती अर्ध्या ट्रॉलीहून थोडी जास्त. तीही आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवायची, सकाळपर्यंत तिचा चांगला लोण्यासारखा चिखल होतो. प्रत्येक हत्यारावर गावाचा रंग मारावा. कामाच्या शेवटी फावडं कोणाचं, यावरून दोन गावांत झालेली तेढ वर्षभर टिकते.

आता चाळीस माणसांची वाटणी. भरायला सहा गट, प्रत्येकी तिघं, एक फावडं चालवतो, एक पोत्याचं तोंड धरतो, एक शिवतो. झाले अठरा. वाहायला सहा जोड्या, बारा माणसं. थर लावायला सहा. पाणी आणि नाश्त्याला दोन, हत्यारांच्या वहीवर एक, औषधाच्या पेटीवर एक. एका गटाला एक पोतं भरून शिवायला चार मिनिटं लागतात. गटाच्या वाट्याला ५७ पोती येतात, म्हणजे पावणेचार तास. हिशोब चार तासांत बसतो, पण एका अटीवर. साडेसहाला पहिलं पोतं भरलं गेलं पाहिजे.

आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच होत नाही. पाहुणे यायचे असतात. नारळ त्यांच्या हातून फोडायचा असतो, म्हणून चाळीस माणसं फावड्यावर हनुवटी टेकवून उभी राहतात. आठ वाजता गाडी येते, सत्कार होतो, साडेआठला काम सुरू होतं. तोवर ऊन चढलेलं, पोरांचा जीव उडालेला, आणि साडेदहाला बंधारा अर्ध्यावर. अर्धा बंधारा रात्रीतून कापला जातो. माझं मत स्पष्ट आहे. नारळ साडेसहाला फोडावा, आणि त्या दिवशी नाल्यावर जो सगळ्यात आधी पोचला त्याच्या हातून फोडावा. पाहुण्यांना नऊ वाजता, नाश्त्याच्या वेळेला बोलवावं. त्यांना खरंच हातभार लावायचा असेल तर तेव्हाही पोती उरलेली असतात.

अध्यक्षानं पहिला तास तळ खोदण्यात घालवावा. तिथं गुडघाभर पाण्यात उभं राहून आधी वरची सैल रेती आणि गाळ काढावा लागतो, मग एक फूट खोल चर, दोन्ही काठांत अर्धा-अर्धा मीटर आत नेलेला. हे काम दिसत नाही. बंधारा पूर्ण झाला की ते पाण्याखाली जातं. पण बंधारे बहुतेक इथंच फसतात. रेतीवरच पोती मांडली की पाणी खालून वाट काढतं. काठात चर नेला नाही की ते बगलेतून फिरून जातं, काठ खातं, आणि बंधारा मधे उभाच्या उभा राहतो, पाणी मात्र बाजूनं निघून जातं. पुढाऱ्याचे हात चिखलात असले की चर नीट खोदला जातो, हे मी ठामपणे म्हणतो. ज्याला मधेच बाहेर यायची घाई आहे तो वीतभर खोदून थांबतो.

रेती बंधाऱ्याच्या खालच्या पायथ्यापासून घेऊ नये, तिथं खड्डा पडला की बंधारा त्यात बसतो. काठही खरवडू नये. वरच्या बाजूला, वीस-तीस मीटरच्या आतून घ्यावी. पोतं पाऊणच भरायचं. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, शेजाऱ्याला चिकटत नाही, दोघांमधून पाणी धावतं. पाऊण भरलेलं पोतं चपटं बसतं, साधारण ५५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १२ जाड. त्याचं वजन चाळीसेक किलो भरतं. ते दोघांनीच उचलायचं.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण यात उदाहरणाची उलटी बाजू दिसते. एखादा धट्टाकट्टा कार्यकर्ता चाळीस किलोचं पोतं एकट्यानं खांद्यावर मारतो आणि धावत जातो. टाळ्या पडतात. पाच मिनिटांत चार पोरं तेच करायला लागतात, आणि त्यातल्या एकाच्या कमरेत चमक भरते. चांगलं उदाहरण रुजायला वर्ष लागतं, वाईट त्याच सकाळी उचललं जातं. म्हणून ज्याच्याकडे चाळीस जण बघतात, त्यानं पोतं जोडीनं उचलावं, गुडघ्यात वाकावं, तासातासाला काम थांबवून सगळ्यांच्या देखत पाणी प्यावं. खर्ऱ्याचंही, म्हणजे तंबाखू-सुपारीचंही, तेच. अध्यक्षाच्या गालात खर्रा असेल तर कामाच्या जागेवर तो कोणी सोडणार नाही, आणि नाल्याच्या पाण्यावर त्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या तरंगत राहतील. पाणी अडवायला आलेल्या माणसांनी पाण्यात पन्नी टाकून जाणं, याच्यासारखं मन खट्टू करणारं दुसरं काही नाही.

आता शिवणं. सगळ्या कामात हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि सगळ्यात कमी लक्ष याच्याकडे जातं. पोत्याचं तोंड सुतळीनं आवळून शेंडी बांधू नये. शेंडीमुळं वरचं पोतं टेकत नाही, फट राहते. तोंड दोनदा दुमडायचं, दोन-दोन बोटं. मग एका टोकापासून धावदोरा घालायचा, सात-आठ टाके, प्रत्येक टाका दुमडीच्या सगळ्या पदरांतून पार गेला पाहिजे. सुरुवातीच्या टोकाला साधी गाठ. शेवटच्या टोकाला सरकगाठ, आणि वीतभर सुतळी बाहेर लोंबती ठेवायची. मधे कुठंही गाठ नको. घाईत काही जण टाक्यागणिक गाठ मारतात, त्यांना ते जास्त पक्कं वाटतं. पक्कं असतंच. पण मे महिन्यात ते पोतं सुटत नाही, विळ्यानं फाडावं लागतं आणि पुढच्या वर्षी बाद होतं. सरकगाठीचं पोतं लोंबती सुतळी ओढली की तोंड उघडतं. ज्यानं एकदा मे महिन्यात पोती उसवली आहेत, त्याला ऑक्टोबरात कसं शिवायचं हे सांगावं लागत नाही. म्हणून प्रत्येक शिवणाऱ्या गटात उसवायला आलेलं एक तरी माणूस बसवावं, आणि बाकीच्यांनी त्याच्या हाताकडे बघावं.

शिवण्याला फक्त बायकांना बसवू नये, आणि नाश्त्याला तर नाहीच. पोहे पुरुषांनी करावेत. मंडळात मुली येतात आणि दोन वर्षांत येणं बंद करतात, त्याची कारणं शोधायला फार लांब जायला नको. त्यांच्या हातात चहाची किटली देऊन ठेवलेली असते. थर लावणं हे डोक्याचं काम आहे, सहातल्या तिघी मुली असाव्यात आणि थर पास करायचा अधिकार त्यांच्यातल्या एकीला द्यावा. तिनं हलतंय म्हटलं की पोतं निघालं पाहिजे, मग ते अध्यक्षानं लावलेलं का असेना.

पहिला थर चरात. पोती आडवी नाहीत, धारेच्या दिशेनं लांबी ठेवून, एकमेकांना घासून. तोंडाची बाजू वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं तिकडे, दुमड खाली दाबलेली. दुसऱ्या थरात पोती नाल्याला आडवी, खालच्या सांध्यावर वरच्या पोत्याचं मधलं अंग येईल अशी, विटांच्या बांधकामात येतं तसं. तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. प्रत्येक थर धुम्मसनं ठोकून, वर चालून बसवायचा, आणि दोन थरांत काळ्या मातीचा चिखल लिंपायचा. खालच्या अंगाला प्रत्येक थर आठ बोटं आत घ्यायचा, म्हणजे पायऱ्या पडतात. वरच्या अंगाला भिंत सरळ ठेवून तिला वीतभर जाड चिखलाचा थापा द्यायचा. आठ थरांत एक मीटर होतो. मधे दोन मीटर भागात वरचे दोन थर लावायचे नाहीत, तो सांडवा. त्याच्या खाली पायथ्याशी मीटरभर लांब दगड किंवा पोत्यांची फरसबंदी करायची, नाहीतर पडणारं पाणी तळ उकरतं. शेवटच्या घाईत ही फरसबंदी राहून जाते. बंधारा महिन्याभरात पुढे झुकला तर आधी तिथं बघावं.

पाणी चढायला लागलं की थोडं पाझरतंच, घाबरायचं कारण नाही. पाझर निवळशंख असेल तर दोन दिवसांत गाळ बसून आपोआप कमी होतो. गढूळ असेल तर आतली माती वाहते आहे, भोक मोठं होणार. ते शोधायला वरच्या बाजूला पाण्यावर मूठभर कुटार, म्हणजे भुसा, भिरकावायचं. जिथं ते गोळा होऊन गरगर फिरतं, तिथं खाली भोक असतं. तिथंच चिखलाचा गोळा पायानं दाबायचा आणि वरून एक पोतं टेकवायचं. पहिल्या आठवड्यात हे रोज संध्याकाळी बघायला लागतं, दहा मिनिटांचं काम. ही पाळी कागदावर लावावी आणि पहिलं नाव अध्यक्षाचं असावं.

जेवणाखाण्याची पंगत एकच बसावी. गावात लोक काय बघतात हे आपल्याला चांगलं माहीत आहे. कोण कोणाच्या शेजारी बसलं, पाण्याचा जग कोणाच्या हातून कोणाकडे गेला, कोणाला वरून ओतलं. व्यासपीठावरून समतेवर कितीही बोला, नाल्यावर पंगतीत वेगळे बसलात की गावानं जे समजायचं ते समजलं. पदाधिकाऱ्यानं आपल्या गावच्या आपल्या घोळक्यात बसू नये. ज्या वस्तीत तो कधी जेवायला जात नाही, तिथल्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसावं आणि त्यानं आणलेली भाकर खावी.

हिशोब तिथंच, नाश्ता झाल्यावर, मोठ्यानं वाचावा. सुतळीचे किती, मातीच्या ट्रॅक्टरचे किती, पोहे-चहाचे किती, शिल्लक किती. खजिनदार अध्यक्षाच्या गावचा नसावा. दोन मिनिटं लागतात आणि पुढच्या वेळी वर्गणी मागायला लाज वाटत नाही.

फळ किती, हेही खरं सांगावं. तळाचा उतार शंभर मीटरला एक मीटर असेल, तर सांडव्यापर्यंत पाऊण मीटरभर खोल पाणी आणि सत्तर-ऐंशी मीटर मागे फुगवटा येतो. नाल्याची सरासरी रुंदी सहा मीटर धरली तर एका वेळी पावणेदोन लाख लिटरच्या आत-बाहेर पाणी राहतं. ते एका एकर हरभऱ्याला एक पाणी देण्याइतकं आहे. धार चालू आहे तोवर ते पुन्हा पुन्हा भरतं, हाच त्याचा खरा फायदा. जनावरांना पाणी मिळतं, काठच्या विहिरींना थोडा आधार होतो. गाव पाणीदार झालं असा बोर्ड लावू नये. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर अजून जपून बोलावं. तिथल्या विहिरी बंधाऱ्यानं गोड होतील असं सांगून लोकांना आशेला लावू नये, वर साठलेलं पाणी हाच तिथला उपयोग. जे मंडळ खोटं बोलत नाही त्याच्या शब्दावर लोक दुसऱ्या वर्षी येतात.

विहिरींची नोंद ठेवायची असेल तर वजन बांधलेली दोरी पुरते, मीटरच्या खुणा केलेली. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या दिवशी, सकाळी मोटरी सुरू व्हायच्या आत. दोन विहिरी बंधाऱ्याच्या वर, दोन खाली, आणि एक नाल्यापासून बरीच लांब, तुलनेला. ही नोंद कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना द्यावी. ही योजना १९६९ पासून चालू आहे, मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. त्यांची सात दिवसांची शिबिरं बहुतेक हिवाळ्यात होतात, तेव्हा बंधाऱ्याची वेळ गेलेली असते. पण नोंद ठेवायला वर्षभराचे तास त्यांच्याकडे असतात, आणि आकडे नीट लिहिण्याची सवय त्यांना गावातल्या आपल्यापेक्षा जास्त असते.

आणि मग मे. तारीख ऑक्टोबरातच, बंधारा पूर्ण झाला त्याच दिवशी, वहीत लिहून टाकावी. रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आधीचा रविवार. त्यानंतर माणूस बियाण्याच्या आणि खताच्या मागं लागतो, त्याला बोलावणं बरोबर नाही. सकाळी साडेपाचला सुरू, साडेआठला बंद, त्यानंतर आपल्याकडच्या उन्हात कोणाला थांबवू नये. वीस माणसं पुरतात. दहा जोड्या, प्रत्येकीला ३४ पोती, पोत्याला तीन मिनिटं, दोन तासांत आटोपतं. माणशी तीन लिटर पाणी, म्हणजे साठ लिटर, वीस लिटरचे तीन कॅन. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेलं पाणी वेगळं ठेवावं.

पोत्याला हात लावायच्या आधी लांब काठीनं ते उलटवायचं. सावलीला, गारव्याला विंचू आणि साप तिथंच येतात. पायात बूट, हातात जाड मोजे. ओलं पोतं उचलू नये, तिथल्या तिथं सुतळी ओढून तोंड उघडायचं, खालची दोन टोकं धरून रेती नाल्याच्या तळावर पसरायची, ढीग ठेवायचा नाही. रिकामी पोती झटकून सावलीत वाळवायची. फाटलेली वेगळी, त्यांच्या चिंध्या वेचून एका पोत्यात भरायच्या. नाल्याच्या खाली दोनशे मीटर चालत जाऊन अडकलेलं प्लास्टिक काढायचं. हे चालणं अध्यक्षानं करावं, एक पोतं आणि विळा घेऊन, बाकीचे चहा पीत असताना.

चांगली निघालेली पोती पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यात बांधून ग्रामपंचायतीच्या खोलीत, उंदीर लागणार नाहीत अशी दोरीला टांगून ठेवायची. गठ्ठ्यावर आकडा, वहीत आकडा, दोन्ही जुळले पाहिजेत. दाभण मोजून डब्यात, तेलाचं बोट लावून. वहीच्या शेवटच्या पानावर त्या सकाळी आलेल्या वीस जणांची नावं आणि यायची वेळ लिहायची. पुढच्या कोजागरीला शिवणारे गट याच पानावरून पाडायचे. खोलीची किल्ली ज्या गावाचा नंबर पुढच्या वर्षी पहिला आहे, त्या गावाकडे द्यायची.